फान चुंगयेन : हजार वर्षांपूर्वीचा एक परीक्षार्थी आणि मंत्री

विद्यार्थी मित्रांनो, बोर्डाच्या परीक्षेत आपण उत्तरपुस्तिकेवर स्वतःचे नाव लिहीत नाही, केवळ रोल नंबर लिहितो. तपासणाऱ्या शिक्षकास पेपर कोणाचा आहे हे कळू नये, हा त्यामागील हेतू. ही युक्ती आपणांस आजच्या काळातील वाटत असेल. परंतु एक हजार वर्षांपूर्वी चीन देशात ती याहून कडकपणे पाळली जात असे. त्या परीक्षेतून एक अत्यंत गरीब मुलगा पुढे आला, साम्राज्याचा मंत्री झाला आणि मंत्री झाल्यावर त्याच परीक्षेत सुधारणा करू लागला. त्याचे नाव फान चुंगयेन. या अंकात आम्ही त्याचे चरित्र आपणांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम त्या परीक्षेविषयी थोडेसे. राज्यकारभारासाठी अधिकारी परीक्षा घेऊन निवडावेत ही पद्धत चीनमध्ये इ. स. ६०५ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०५ साली बंद झाली. म्हणजे तेराशे वर्षे ती या ना त्या रूपात टिकली. सोंग राजवंशाच्या काळात, म्हणजे ९६० नंतर, तिला खरे महत्त्व आले. परीक्षेच्या तीन पायऱ्या असत. पहिली आपल्या जिल्ह्यात, दुसरी काइफंग या राजधानीत आणि तिसरी सम्राटाच्या देखरेखीखाली राजवाड्यात. ९९२ सालापासून राजवाड्यातील परीक्षेत उत्तरपत्रिकेवरील नाव कागद चिकटवून झाकू लागले. तरीही हस्ताक्षरावरून ओळख पटण्याची भीती होतीच. म्हणून १०१५ साली एक स्वतंत्र कार्यालयच उघडण्यात आले. तेथे कारकून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करीत आणि परीक्षकांकडे मूळ कागद न जाता ही नक्कल जाई. स्त्रियांना मात्र या परीक्षेस बसता येत नसे, हे त्या काळचे मोठे वैगुण्य होते.

फान चुंगयेन यांचा जन्म ९८९ सालचा. त्यांचे घराणे मूळचे सूचौ शहरातील. वडील लहानसे अधिकारी होते, पण मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते वारले. घरात दुसरा आधार नव्हता. आईने चू नावाच्या गृहस्थांशी पुनर्विवाह केला आणि मुलगा त्याच आडनावाने वाढू लागला. पुढे तो डोंगरातील एका बौद्ध मठात राहून अभ्यास करू लागला. त्या दिवसांची एक गोष्ट चीनमध्ये अद्याप मुलांना सांगतात. रात्री तो भांडेभर पेज शिजवून ठेवी. सकाळी ती थिजली की सुरीने तिचे चार भाग करी. दोन सकाळी, दोन संध्याकाळी, आणि तोंडी लावायला थोडी चिरलेली खारवलेली भाजी. याच आहारावर त्याने काही वर्षे काढली.

आपण या घरचे नाही, आपले खरे कुळ फान आहे, हे त्याला मोठेपणी समजले. त्याने आईचा निरोप घेतला आणि सध्याच्या हनान प्रांतातील इंगथ्येन येथील प्रसिद्ध विद्यापीठ गाठले. हे साल १०११. तेथेही पेजेचाच क्रम चालू राहिला. एका सहाध्यायाने घरचे चांगले जेवण आणून दिले तर त्याने ते तसेच ठेवले. या जेवणाची चव लागली तर उद्या पेज गिळवणार नाही, अशी त्याला धास्ती होती. १०१५ साली, म्हणजे नक्कल करण्याचे कार्यालय उघडले त्याच वर्षी, तो अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला. पहिली नियुक्ती न्यायखात्यातील एका छोट्या पदावर मिळाली. त्याने सर्वप्रथम आईला आपल्याजवळ आणले आणि १०१७ साली शासनाच्या अनुमतीने फान हे आडनाव परत घेतले.

यानंतरच्या त्यांच्या नोकरीकडे पाहिले तर एक गोष्ट विशेष लक्षात येते. फान जेथे गेले तेथे काहीतरी उभे करून आले. पूर्व किनाऱ्यावर मिठाच्या कोठारावर काम करीत असताना समुद्राचे पाणी शेतात शिरून लोक उजाड होताना त्यांनी पाहिले. वास्तविक तो विषय त्यांच्या खात्याचा नव्हता. तरी त्यांनी वरिष्ठांकडे लकडा लावून लांबच लांब बांध घालण्याचे काम सुरू करविले. ते १०२८ साली पूर्ण झाले, आणि आजही त्या बांधाला फान यांचेच नाव आहे. मध्यंतरी १०२६ साली आईचे निधन झाले. सुतकाच्या काळात नोकरी करावयाची नसे. तेव्हा येन शू या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आमंत्रणावरून फान आपल्या जुन्या विद्यापीठात शिकवू लागले. पुढे याच येन शू यांच्या शिफारशीने त्यांना राजधानीत पद मिळाले.

राजधानीत मात्र त्यांचे फार काळ जमले नाही. सम्राट रेनचुंग वयात आला असूनही राजमाता राज्य सोडीत नव्हत्या, त्यावर ते बोलले. परिणाम, बदली. १०३३ साली सम्राटाने राणीला पदावरून दूर केले, त्याला विरोध केला. पुन्हा बदली. १०३६ साली तर त्यांनी एक नकाशाच तयार करून सम्राटापुढे ठेवला. त्यात दरबारातील अधिकाऱ्यांची पदे क्रमाने मांडून कोणाची बढती नियमाने झाली आणि कोण मुख्य मंत्री ल्यू यीच्येन यांच्या मर्जीने वर चढला हे स्पष्ट दाखविले होते. मुख्य मंत्र्यांनी त्यांच्यावर गटबाजीचा आरोप केला आणि फान तिसऱ्यांदा राजधानीबाहेर फेकले गेले. त्यांची बाजू घेणाऱ्या ओउयांग श्यू इत्यादी तरुण अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाली.

मग १०४० च्या सुमारास वायव्य सीमेवर शीश्या राज्याशी युद्ध पेटले, तेव्हा शासनाला त्यांची आठवण झाली. फान आणि हान छी यांनी किल्ले बांधून सरहद्द सांभाळली. १०४३ साली सम्राटाने त्यांना परत बोलावून उपमुख्यमंत्र्यासारखे पद दिले आणि राज्य सुधारण्याचे उपाय मागितले. फान यांनी दहा कलमांचे निवेदन सादर केले. त्यातील पहिली पाच कलमे अधिकाऱ्यांविषयीच होती. राज्य चांगले चालावे असे वाटत असेल तर आधी माणसे नीट निवडा, हे त्यांचे सांगणे होते.

त्या काळी अडचण अशी होती की परीक्षेचा दरवाजा सर्वांसाठी उघडा असला तरी शेजारी दुसरा एक दरवाजा होता. मोठ्या अधिकाऱ्यांची मुले, भाऊ, पुतणे यांना परीक्षेवाचून पद मिळत असे. शिवाय एकदा नोकरीत शिरले की ठरावीक वर्षांनी बढती आपोआप होई, काम केले काय आणि न केले काय. फान यांनी या वशिल्याच्या नेमणुकांवर मर्यादा घातली, बढतीला कामाची अट लावली आणि प्रामाणिक अधिकाऱ्यास पोट भरण्यापुरते उत्पन्न मिळावे म्हणून पदाबरोबर दिल्या जाणाऱ्या जमिनींची वाटणी समान करावी असे सुचविले. प्रांतांचे अधिकारी तपासताना ते हाती कुंचला घेऊन नालायकांची नावे यादीतून खोडीत होते, असे सांगतात. सहकारी फू बी यांना दया आली. एका फटकाऱ्याने एक कुटुंब रडणार, असे त्यांनी सुचविले. फान यांचे उत्तर असे होते की एक कुटुंब रडलेले परवडले, संपूर्ण प्रांताने रडू नये.

परीक्षेतही त्यांनी बदल केले. तोवर काव्यरचना आणि पाठांतर यांना फार महत्त्व होते. फान यांनी राज्यकारभाराच्या प्रश्नांवरील निबंध आधी आणले आणि ग्रंथांचा अर्थ समजला आहे की नाही ते पाहण्यावर भर दिला. १०४४ साली जिल्ह्याजिल्ह्यात शाळा काढण्याचा हुकूम निघाला. नवीन परीक्षार्थ्याने निदान तीनशे दिवस शाळेत उपस्थित राहिलेच पाहिजे, अशी अटही त्यात होती. हजेरीचा नियम आमच्याच शाळेने शोधून काढला असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते, त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या झाकलेल्या नावाच्या पद्धतीतून फान स्वतः वर आले, तीच पद्धत जिल्हा पातळीवर काढून टाकावी असे त्यांनी सुचविले. त्यांचे म्हणणे असे की नाव झाकले म्हणजे वशिला थांबतो हे खरे, पण मुलाचे चारित्र्यही झाकले जाते. गावात ज्याची वागणूक सर्वांना ठाऊक आहे, त्याचे आचरण पाहूनच त्याला पुढे पाठवावे. विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता. नाव उघडे केले की चारित्र्याबरोबर बापाची श्रीमंती आणि ओळखही दिसू लागते. मग पेज खाऊन शिकणाऱ्या अनाथ मुलाचा निभाव कसा लागणार? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. आम्हांस वाटते की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गुण देताना नाव झाकलेलेच असावे. परंतु नाव झाकून चारित्र्य मोजता येत नाही, म्हणून ते घडविण्याचे काम परीक्षेवर न सोडता शाळेने व घराने करावे. फान यांनी परीक्षेच्या आधी शाळेची अट घातली, ती आम्हांस याच कारणाने विशेष मोलाची वाटते.

सुधारणा फार दिवस टिकल्या नाहीत. ज्यांच्या मुला-पुतण्यांच्या नेमणुका अडल्या ते सर्व एकत्र आले. पुन्हा गटबाजीचा आरोप झाला आणि १०४५ च्या आरंभी फान यांना पद सोडावे लागले. बहुतेक आदेश मागे घेण्यात आले. एवढे होऊनही ते कडवट झाले नाहीत. १०४६ साली एका मित्राच्या विनंतीवरून त्यांनी युएयांग येथील मनोऱ्यावर जो लेख लिहिला, तो चीनमध्ये आजही शाळेत शिकवला जातो. संकटाच्या रांगेत अधिकाऱ्याने सर्वांच्या पुढे आणि सुखाच्या रांगेत सर्वांच्या मागे उभे राहावे, असा त्याचा आशय आहे.

त्यांनी स्वतः तसेच केले. १०३५ साली सूचौ येथे त्यांनी घरासाठी एक जागा घेतली होती. या जागेत राहणाऱ्याच्या वंशात मोठे अधिकारी होतील, असे जाणकारांनी सांगितले. तेव्हा हे भाग्य एकट्या आपल्या घरातच का राहावे, असा विचार करून त्यांनी ती जागा शाळेला देऊन टाकली, अशी कथा आहे. १०५० साली हांगचौ भागात दुष्काळ पडला, तेव्हा बांधकामे काढून आणि नौकांच्या शर्यती भरवून त्यांनी हजारो हातांना काम दिले. त्याच सुमारास सूचौ येथे हजार मूहून अधिक शेतजमीन घेऊन त्यांनी आपल्या कुळासाठी धर्मादाय संस्था स्थापन केली. तिच्या उत्पन्नातून कुळातील प्रत्येकास रोजचे धान्य, वर्षाचे कापड आणि लग्न-अंत्यविधीसाठी साहाय्य मिळे. पुढे त्यांच्या मुलांनी परीक्षेस जाणाऱ्यांना मदत देण्याचे नियम त्यात जोडले. ही संस्था नीट हिशेब व लेखी नियम यांच्या बळावर विसाव्या शतकापर्यंत चालली.

१०५२ साली नव्या नेमणुकीच्या गावी जात असताना वाटेतच फान यांचे निधन झाले. लोयांगजवळ आईच्या समाधीशेजारी त्यांना पुरण्यात आले. त्यांचा मुलगा फान चुनरेन पुढे मुख्य मंत्री झाला. त्यांच्या सुधारणांतील अनेक कल्पना पंचवीस-तीस वर्षांतच वांग आनशी यांच्या काळात नव्या रूपाने परत आल्या. जिल्ह्याजिल्ह्यात शाळा असावी ही गोष्ट तर चीनमध्ये कायमची रुजली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेक जण उद्या स्पर्धा परीक्षांना बसतील. पेपरावर आपले नाव नसेल, पण खुर्चीवर बसल्यावर ते सर्वांना दिसेल, एवढे ध्यानी असू द्या. पालकांस आमची विनंती आहे की मुलाच्या गुणपत्रिकेबरोबर त्याच्या वागणुकीचीही विचारपूस करावी, त्यासाठी आमचे दार सदैव उघडे आहे. आणि विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सदस्यांस काय सांगावे? मंत्रिपदावरून काढलेले हुकूम एका वर्षात रद्द झाले. शाळेला दिलेली जागा आणि नेमाने चालविलेली संस्था मात्र शेकडो वर्षे मुलांच्या उपयोगी पडली.