तीन व्हॉल्व्ह आणि एक श्वास : ली मॉर्गन

मेकॅनिकलवाल्यांना व्हॉल्व्ह काही नवीन नाही. ट्रम्पेटला असे तीनच असतात. दाबला की नळीची लांबी वाढते आणि सूर खाली येतो. बाकी सगळा खेळ ओठांचा आणि श्वासाचा. एवढ्याशा भांडवलावर फिलाडेल्फियाच्या एका पोराने जॅझची दुनिया गाजवली. त्याचं नाव ली मॉर्गन.

जन्म १० जुलै १९३८ चा. आपण बारावीच्या मार्कांची चिंता करतो त्या वयात, अठराव्या वर्षी, हा पठ्ठ्या डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये होता! १९५७ साली जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'मध्ये वाजवलं, १९५८ साली आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्समध्ये दाखल. सगळं झक्कास चाललं होतं. पण हेरॉइनने गाठलं. १९६१ साली बँड सुटला आणि गडी गावी परतला.

सगळ्यांनी तो संपला असं म्हणावं, अशीच वेळ होती. पण २१ डिसेंबर १९६३ रोजी तो न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत उभा राहिला. सोबत सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, बासवर बॉब क्रॅनशॉ, ड्रम्सवर बिली हिगिन्स. एका दिवसात पाच रचना, पाचही लीच्या. पहिली 'द साइडवाइंडर', दहा मिनिटांची, पाय आपोआप ठेका धरतील अशी. १९६४ साली ब्लू नोट कंपनीने अल्बम काढला आणि तो बिलबोर्डच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत पोचला. जॅझसाठी ही भलतीच मोठी गोष्ट. क्रायस्लरने ती धून टीव्हीच्या जाहिरातीतही वापरली.

पण सिनेमासारखा शेवट इथे नाही. यश आलं, व्यसन गेलं नाही. अंगावरचा कोटसुद्धा गहाण पडला. पुढे हेलन नावाच्या बाईने त्याला सावरलं, पुन्हा वाजवण्याजोगं केलं. आणि १९ फेब्रुवारी १९७२ च्या पहाटे, न्यूयॉर्कच्या स्लग्ज क्लबात, भांडणानंतर तिनेच त्याला गोळी घातली. बर्फामुळे रुग्णवाहिका उशिरा पोचली. वय अवघं ३३.

एक हिट माणसाला वाचवत नाही, हे लीने दाखवलं. पण पडलेला माणूस अजून काय करू शकतो, हेही त्यानेच दाखवलं. रूमवर हेडफोन असेल तर आज रात्री ती दहा मिनिटं ऐकाच. सबमिशन थांबेल थोडं!