गणितज्ञ ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १५ एप्रिल १७०७ रोजी लिओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली हा थोर गणितज्ञ दर शनिवारी ऑयलरच्या शंकांचे निरसन करीत असे. त्याने या मुलाची असामान्य बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. वयाच्या विसाव्या वर्षी, १७२७ साली, ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत रुजू झाला.

ज्या संख्येला १ व ती संख्या स्वतः यांखेरीज इतर कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फेर्मा याने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी एक मालिका मांडली होती. तीतील कोणत्याही संख्येतून १ वजा करावा, बाकीचा वर्ग करावा व त्यात १ मिळवावा, म्हणजे पुढील संख्या येते. पहिल्या पाचही संख्या मूळ असल्याने या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असतील, असे फेर्माला वाटे. परंतु सहाव्या संख्येला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ला, ६४१ ने निःशेष भाग जातो, हे ऑयलरने १७३२ साली दाखविले. फेर्माचा अधिकार मोठा होता. पण साध्या भागाकारापुढे त्याचे अनुमान टिकले नाही.

१७३८ साली ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षे बर्लिन येथे काढून १७६६ साली तो पीटर्सबर्गला परतला. लवकरच डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ साली त्याचे घर आगीत भस्मसात झाले. त्याच वर्षी केलेली डोळ्याची शस्त्रक्रियाही अखेर निष्फळ ठरली. तथापि त्याचे कार्य थांबले नाही. तो तोंडी सांगे आणि त्याचे पुत्र व शिष्य लिहून घेत.

अशा स्थितीत १७७२ साली त्याने एक प्रचंड संख्या मूळ असल्याचे कळविले. एकतीस वेळा २ घेऊन गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते. ती मूळ आहे की नाही, हे साध्या रीतीने पाहायचे तर साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते. ऑयलरने विचाराने ही वाट आखूड केली. या संख्येच्या कोणत्याही भाजकाला २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, असे त्याने ताडले. त्यामुळे तपासण्याजोग्या संख्या चारशेहूनही कमी उरल्या. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग गेला नाही. पुढे कित्येक दशके हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलरचा अंत झाला. त्या दिवशीही तो आकडेमोडीत मग्न होता. त्याच्या मागे राहिलेले लेख अकादमी कित्येक वर्षे प्रसिद्ध करीत राहिली. चर्मचक्षू मिटले, तरी त्याची बुद्धी अखेरपर्यंत जागी होती.