बाबूजी आणि परदेशातला कैदी

कलावंताने आपली कला सांभाळावी, इतर उठाठेवी करू नयेत, असे पुष्कळदा म्हटले जाते. सुधीर फडके यांनी हे कधी मानले नाही.

२५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेले बाबूजी १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरले. लढ्याच्या निधीसाठी त्यांनी पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम घडवून आणला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गदिमांचे गीतरामायण सुरू झाले. घरोघर बाबूजींच्या चालींत रामकथा ऐकली जात असतानाच, त्याच ऑक्टोबरात, गोवामुक्तीसाठी लढणारे शिक्षक मोहन रानडे बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पोर्तुगिजांच्या हाती सापडले. त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली व पुढे पोर्तुगालला नेण्यात आले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. विजयाच्या आनंदात दूरदेशीच्या एका कैद्याचा विसर पडणे सोपे होते. बाबूजींनी तो पडू दिला नाही. रानडे यांच्या सुटकेसाठी विमोचन समिती उभारण्यात पुढाकार घेऊन त्यांनी पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. १९६८ साली तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपच्या भेटीत रानडे यांची सुटका मागितली आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. तेरा वर्षांहून अधिक काळ, म्हणजे जवळजवळ रामाइतकाच वनवास!

२९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. त्यांची गाणी मागे राहिली आहेतच; पण त्यांच्या चरित्रात ही एक सुटकाही तेवढ्याच मोलाची मानली पाहिजे.