प्रकाशाचा उपासक

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नटनट्यांची नावे सांगतो, गाणी गुणगुणतो, फार तर दिग्दर्शकाची वाखाणणी करतो. ज्याच्या नजरेने त्याने ते सारे पाहिले, त्या छायालेखकाची चौकशी मात्र तो सहसा करीत नाही. गुरुदत्तांच्या 'प्यासा' आणि 'कागज के फूल' या चित्रपटांतील छायाप्रकाशाचे काव्य ज्यांनी सिद्ध केले, ते व्ही. के. मूर्ती ७ एप्रिल २०१४ रोजी बंगळूर येथे निवर्तले. त्याला आता एक तप होत आले. त्यांच्या कार्याचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मूर्तींचा जन्म १९२३ साली म्हैसूर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले आणि १९४३ साली त्यांनी कारावास भोगला. पुढे बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून छायालेखनाची पदविका घेऊन ते मुंबईस आले आणि फली मिस्त्री यांच्यासारख्या जाणत्या छायालेखकाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. 'बाजी' (१९५१) या चित्रपटाच्या वेळी ते सहायकच होते. परंतु एका गाण्यातील अवघड दृश्य त्यांनी सुचविले आणि स्वतः टिपूनही दाखविले. गुरुदत्तांनी माणूस हेरला व पुढचा 'जाल' (१९५२) त्यांच्या हाती सोपविला. या चित्रपटाची कथा गोव्याच्या किनाऱ्यावरील मासेमाऱ्यांच्या वस्तीत घडते. गोमंतक तेव्हा पारतंत्र्यात होता. कोकणीभाषी घराण्यातला दिग्दर्शक आणि कारावास भोगून आलेला म्हैसूरचा छायालेखक यांच्या सहकार्याचा आरंभ आमच्या किनाऱ्याच्या कथेने व्हावा, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

'कागज के फूल' (१९५९) हा सिनेमास्कोप पद्धतीने चित्रित झालेला पहिला भारतीय चित्रपट. त्यातील एका गीतात रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत सर्वश्रुत आहे. विजेच्या दिव्याचा प्रकाश पसरत जातो. सूर्यकिरणांसारखा सरळ, समांतर झोत त्यातून मिळणे कठीण. मूर्तींनी मोठे आरसे लावून प्रत्यक्ष सूर्याचेच ऊन स्टुडिओत आणले. उपकरणांची वाण होती, कल्पकतेची नव्हती. चित्रपट आर्थिकदृष्ट्या कोसळला आणि गुरुदत्तांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव कधी लावले नाही. मूर्तींना मात्र त्याच चित्रपटासाठी फिल्मफेअर पारितोषिक लाभले आणि पुढे 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) साठी ते पुन्हा मिळाले. त्या चित्रपटातील एका नृत्यात नर्तकी उजेडात आणि तिच्या साथीदारणी सावलीत आहेत. कोठे उजेड पाडावा याइतकेच कोठे काळोख राखावा, हे मूर्ती जाणत होते.

१९६४ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गुरुदत्त गेले. मूर्ती काम करीत राहिले. 'तमस' आणि 'भारत एक खोज' या १९८८ च्या दूरदर्शन मालिकांवर त्यांचा हात फिरला. त्यांचे सहायक गोविंद निहलानी स्वतः नामवंत दिग्दर्शक झाले. परंतु मागणी करणारा आणि ती पुरी करणारा यांची तशी जोडी पुन्हा जमली नाही.

२००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना २०१० साली प्रदान झाला. तो मिळविणारे ते पहिले छायालेखक. फाळके स्वतः कॅमेरा हाताळीत. त्यांच्या नावाचा सन्मान छायालेखकापर्यंत पोहोचण्यास चार दशके लागावीत आणि तोवर मानकऱ्याने वयाची शहाऐंशी वर्षे गाठावीत, हे भूषणावह खचित नव्हे. छायालेखकास कलावंत न मानता कारागीर समजण्याची आमची जुनी खोड त्याच्या मुळाशी आहे.

२००४ सालापासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. तेथे ताऱ्यांभोवती गर्दी होणारच. त्याला आमची हरकत नाही. मात्र आमच्या तरुणांनी पडद्यावरील नामावळी संपेपर्यंत आसन सोडू नये आणि छायालेखकाचे नाव वाचूनच उठावे, एवढी आमची अपेक्षा आहे. मूर्तींचे यथार्थ स्मरण त्याने होईल.