पारोळ्याचे ह. ना. आपटे : लढाईची गोष्ट घरातून सांगणारे कादंबरीकार

पारोळा म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो, झाशीच्या राणीच्या सासरचे नेवाळकर आठवतात. पण मराठी कादंबरीला खऱ्या अर्थाने उभं करणारे हरी नारायण आपटे, म्हणजेच हरिभाऊ, हेही पारोळ्याचेच. ८ मार्च १८६४ रोजी त्यांचा जन्म इथे झाला.

आई लहानपणीच गेली. पुढे कुटुंब मुंबईला आणि १८७८ मध्ये पुण्याला आलं. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर असे शिक्षक लाभले. वाचन दांडगं, इंग्रजी उत्तम, पण गणिताशी कधी जमलंच नाही. कॉलेजात गेले, पदवी काही हाती आली नाही. हायकोर्टात वकिली करणारे काका महादेव चिमणाजी आपटे यांना पुतण्याने वकील व्हावं असं वाटत होतं. तेही राहून गेलं. काकांनी संस्कृत ग्रंथांसाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती. तिचा कारभार हरिभाऊंनी सांभाळला आणि त्याच जोडीला लेखन केलं.

दर आठवड्याला कादंबरी

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. घरातल्या बायामाणसांना वाचता येईल, करमणूक होईल आणि चार गोष्टीही कळतील, असा त्याचा बेत. कादंबऱ्या त्यात क्रमशः येत. एका बाल-विधवेची कहाणी सांगणारी 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी याच काळातली. दुष्काळात होरपळलेल्या गरिबांवरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्टही त्यांचीच.

त्याच हाताने त्यांनी इतिहास लिहायला घेतला. पहिली ऐतिहासिक कादंबरी 'म्हैसूरचा वाघ'. ती मेडोज टेलर यांच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. खरा सूर सापडला तो १८९५ पासून आलेल्या 'उषःकाल'मध्ये.

बाप एकीकडे, लेक दुसरीकडे

'उषःकाल'चा काळ शिवरायांच्या उदयाचा. म्हातारा किल्लेदार विजापूर दरबारचा इमानी नोकर आहे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करायची नाही, एवढंच त्याला कळतं. तरुण मुलाचं मन मात्र शिवाजी महाराजांकडे ओढ घेतंय. हरिभाऊंनी बापाला खलनायक केलं नाही. दोघंही आपापल्या जागी खरे, म्हणूनच घर फाटतं. कादंबरी आली तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि पुण्यात टिळक शिवजयंतीचा उत्सव उभा करत होते. सरकारी नोकरी आणि देश यांच्या कात्रीत सापडलेल्या घरांना ती गोष्ट जवळची वाटावी अशीच होती.

'गड आला पण सिंह गेला' ही तानाजीच्या कोंढाण्यावरच्या स्वारीची, १६७० ची गोष्ट. हिच्यावर बाबूराव पेंटर यांनी मूकपट केला आणि १९३३ मध्ये 'प्रभात'चा 'सिंहगड' हा बोलपट आला. 'वज्राघात' १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची, विजयनगर बुडाल्याची. तिथेही रामरायाने तरुणपणी सोडून दिलेल्या मेहेरजानचा मुलगा रणमस्तखान बापाच्याच जिवावर उठतो. साम्राज्य कोसळतं, पण तडा आधी घरातच गेलेला असतो.

कादंबरी आणि इतिहास

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. 'उषःकाल' सुरू झाली तेव्हा राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंडही निघाला नव्हता. तो १८९८ चा. हाती होतं ते बखरी, पोवाडे आणि कल्पना यांच्या जोरावर हरिभाऊंनी लिहिलं. त्यांची कमलकुमारी ही कादंबरीतली आहे, इतिहासातली नव्हे. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजी पडल्यावर मिळालं, हा समजही असाच घट्ट बसला. प्रत्यक्षात ते नाव त्याआधीच्या पत्रातही सापडतं. हरिभाऊ वाचावेत ते सनावळीसाठी नाही, तर लढाईत माणसांचं काय होतं हे कळण्यासाठी.

पसारा फार मोठा होता. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या धावपळीत 'सूर्यग्रहण', 'कालकूट' या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचं निधन झालं. वयाची ५५ वर्षं पूर्ण व्हायला अवघे पाच दिवस उरले होते.

त्यांच्यानंतर ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीत उदंड झाल्या. पण लढाई फक्त रणांगणावर होत नसते, ती चुलीपर्यंत येते, हे मराठी वाचकाला कादंबरीतून आधी दाखवलं ते खानदेशात जन्मलेल्या या माणसाने. तालुक्याच्या वाचनालयात 'उषःकाल' मिळाली, तर एकदा हातात घेऊन बघाच.