मोगली लिहिणाऱ्या किपलिंगचा जीव पोटातल्या अल्सरने घेतला

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला जातो, एक हिंगोलीला आणि एक यवतमाळ-वर्ध्यावरून नागपूरकडे. नागपूरच्या पुढे पेंचचं जंगल लागतं, म्हणजे मोगलीचं सिवनी. तो मोगली लिहिणारा रुडयार्ड किपलिंग मात्र आपल्या मुंबईचा.

30 डिसेंबर 1865 चा जन्म. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पाच वर्षांचा असताना त्याला इंग्लंडला पाठवलं. 1882 मध्ये परत येऊन तो लाहोरच्या पेपरात लागला. 1894 साली 'द जंगल बुक' आलं आणि 1907 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी, साहित्याचं नोबेल. गडी पक्का साम्राज्यवादी, त्यामुळे भारतात त्याच्याबद्दल आजही दोन मतं आहेत.

1915 मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा जॉन महायुद्धात गेला. त्याच सुमारास पोटदुखी मागे लागली, ती कायमची. डॉक्टर बदलले. एका टप्प्यावर दोष दातांवर ढकलला गेला आणि त्याचे सगळे दात काढून टाकले! तेव्हा अशी उपचारपद्धतच होती. किपलिंगला मनातून कॅन्सरची भीती होती. शेवटी 1933 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर आहे.

पण तेव्हा ॲसिड थांबवणारी आजची औषधं नव्हती. अल्सरमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो हे कळायला 1980 चं दशक उजाडलं. शोध लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे मेडिकलवरून मनानेच आणलेल्या पेनकिलर.

अल्सर दोन प्रकारे जीवावर उठतो. रक्तवाहिनी फुटते किंवा आतड्याला भोक पडतं. रक्तस्राव असेल तर आज डॉक्टर गुण मोजतात. 2000 साली आलेल्या ग्लासगो-ब्लॅचफर्ड पद्धतीत नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं युरिया बघतात. चक्कर येऊन पडला का, शी डांबरासारखी काळी झाली का, यकृताचा किंवा हृदयाचा आजार आहे का, हेही विचारतात. गुण शून्य किंवा एक आला तर बहुतेकदा ॲडमिट न करता भागतं. गुण वाढले की दाखल करून दुर्बिणीने तपासणी, तीही शक्यतो 24 तासांत.

यातलं काही रक्ततपासणीशिवाय कळत नाही. त्यामुळे वारंग्यात कुणाला रात्री रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर सकाळी बघू म्हणायची सोय नाही. गाडी काढून थेट दवाखाना गाठायचा. पोट एकदम लाकडासारखं कडक झालं तर भोक पडल्याची शंका घ्यायची. तिथे हे गुण मोजून उपयोग नाही, सर्जनच लागतो.

किपलिंगच्या बाबतीत नेमकं हेच झालं. 12 जानेवारी 1936 च्या रात्री लंडनच्या हॉटेलात त्याला रक्तस्राव झाला. मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन केलं, तेव्हा अल्सर फुटलेला होता. वय 70, आणि पेनिसिलिन बाजारात यायला अजून काही वर्षं होती.

18 जानेवारीला तो गेला. त्या दिवशी त्याच्या आणि कॅरीच्या लग्नाला 44 वर्षं पूर्ण होत होती. दोनच दिवसांनी राजा पाचवा जॉर्जही वारला.