एक्स-रे शोधणारे रॉन्टगेन आणि मणक्यातला कॅन्सर

आज मी तुम्हाला विल्हेल्म रॉन्टगेन यांच्याबद्दल सांगणार आहे. कॅन्सर मणक्यात पसरला की तो शोधायला आणि त्यावर उपचार करायला यांचेच किरण लागतात.

कोण होते रॉन्टगेन?

जन्म २७ मार्च १८४५, जर्मनीतलं लेन्नेप गाव. शिक्षकाचं व्यंगचित्र दुसऱ्याच मुलाने काढलं, पण शाळेतून काढलं यांना! तरीही झुरिचला जाऊन ते इंजिनिअर झाले आणि पुढे प्राध्यापक. ८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली नळी चालू असताना जवळचा रासायनिक पडदा चमकायला लागला. न दिसणारे काही किरण पुठ्ठ्यातून आरपार येत होते. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसली.

मणक्यातला कॅन्सर कसा सापडतो?

स्तन, फुप्फुस आणि प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा मणक्यांत पसरतो. मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे: साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे धोका नाही, असं समजू नका. मणक्यातलं साधारण ३० ते ५० टक्के हाड झिजेपर्यंत साध्या एक्स-रेवर काही दिसतच नाही. म्हणून शंका असेल तर पूर्ण पाठीचा एमआरआय काढतात. त्यात एक्स-रे नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. मज्जारज्जू दबतोय का, ते त्यात कळतं. हाड किती खचलंय हे सीटी स्कॅन दाखवतो, आणि तो चालतो रॉन्टगेन यांच्याच किरणांवर.

उपचार काय?

मज्जारज्जूवरची सूज उतरवायला स्टेरॉईड देतात. गरज पडली तर ऑपरेशन करून दाब काढतात, स्क्रू आणि रॉडने मणका पक्का करतात. रेडिओथेरपीत लिनॅक नावाचं मशीन खूप जास्त ताकदीचे एक्स-रे गाठीवर सोडतं. दुखणं कमी करायला कधी कधी एकच डोस पुरतो. शिवाय मूळ कॅन्सर कुठला आहे, त्यावर औषधं ठरतात.

रॉन्टगेन यांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं, त्याचे पैसेही विद्यापीठाला दिले. १० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरने ते गेले. किरण सगळ्यांसाठी मोकळे राहिले, म्हणून जगभरचे डॉक्टर काही आठवड्यांतच ते वापरू लागले.

हे लक्षात ठेवा

घरात कुणाला आधी कॅन्सर झाला असेल आणि आता रात्री, आडवं पडल्यावर पाठ जास्त दुखत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पाय पूर्ण लुळे पडायच्या आत उपचार सुरू झाले, तर माणूस चालता राहण्याची शक्यता खूप जास्त असते. ही माहिती घरातल्या मोठ्यांनाही नक्की सांगा.